नव्या कॅप्टनला

प्रिय कॅप्टन,

काल फोनवर तू कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन झाल्याची बातमी सांगितलीस, पण आवाजात आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. "सर, टीममध्ये चार तालमींची पोरं आहेत. ऐकतील का माझं?" त्यावर मी नुसतं "ऐकतील रे" म्हणालो. रात्री झोप आली नाही. एवढं उत्तर पुरेसं नाही, म्हणून लिहायला बसलो.

कोल्हापुरात कॉलेजची टीम बांधणं सोपं नाही. इथं पेठांतल्या तालमींचे आपापले फुटबॉल संघ. एक पोरगा पाटाकडीलचा, दुसरा खंडोबाचा, कुणी दिलबहारचा, कुणी प्रॅक्टिसचा. शाहू स्टेडियमवर हीच पोरं एकमेकांच्या नडगीवर जातात आणि मागं अख्खी पेठ ओरडत असते. आपल्या तालमीसाठी जीव टाकणं वाईट नाही. कोल्हापूरचं फुटबॉल त्यावरच जगलंय. पण तालमीच्या लीगमध्ये एक सामना हरलास तर पुढचा असतो. कॉलेजचं तसं नाही. झोनलला, म्हणजे कॉलेजांच्या विभागीय स्पर्धेत, नॉकआउट. एक दुपार वाईट गेली की वर्ष संपलं, बॅगा भरायच्या. दोन महिने घाम गाळून सीझन दीड तासाचा झालेला मी पाहिलाय.

माझ्या कॅप्टनपदाच्या वर्षी तेच झालं. आमचा उजवा बॅक आणि त्याच्या पुढचा विंगर वेगवेगळ्या तालमींचे. आदल्या मोसमात त्यांची मैदानात बाचाबाची झाली होती. मला माहीत होतं, पण मी विषय काढला नाही. वाटलं, खेळताना विसरतील. सेमीफायनलला विंगर मोकळा, हात वर करून उभा, आणि बॅकनं बॉल मधे मारला. एकदा नाही, तीनदा. टायब्रेकरवर आम्ही हरलो. पेनल्टी चुकवणाऱ्या पोराला सगळे बोलले. तो रडत होता आणि मी गप्प होतो. त्याची चूक नव्हती हे मी त्याला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. ते मला आजही टोचतं.

म्हणून आधी हे कर. ज्या दोघांचं जमत नाही त्यांना घेऊन बस. तिघंच. कॉलेजच्या सरांना नको, बाकी पोरांना नको. काय झालं होतं ते दोघांनाही पूर्ण बोलू दे, मधे तोंड घालू नकोस. मग सरावात त्यांची जोडी लाव. वॉर्मअप एकत्र, पासिंग एकत्र, थ्रो घेताना एकत्र. गळ्यात गळे घालायची गरज नाही. "मागं माणूस", "वेळ आहे", "सोड" एवढं एकमेकांना मोठ्यानं सांगायला लागले की झालं. सरावाला तालमीची जर्सी कुणी घालायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांग आणि सगळ्यांत आधी स्वतः पाळ. तुझी जर्सी तुला किती प्यारी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच.

पावसाळ्यातले दिवस वाया घालवू नकोस. चिखलात बॉल अडतो, लांब पास पोचत नाही. तेव्हा छोटे पास आणि पहिला टच पक्का करून घे. राखीव गोलकीपरकडं लक्ष दे. त्याला कुणी विचारत नाही आणि टायब्रेकरला नेमकी त्याचीच गरज लागू शकते. पेनल्टी कोण, कितव्या नंबरला मारणार, हे आधीच्या आठवड्यातच ठरव. दमलेल्या पोरांना मैदानाच्या मध्यावर विचारू नये.

अजून एक सांगायचंय. 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप तुला आठवत असेल, आपला अनिकेत जाधव त्या संघात होता. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध 82व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं हेडर मारला. भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल! मी घरात उभा राहून ओरडलो. आणि लगेच, स्टेडियममधला जल्लोष ओसरायच्या आत, कोलंबियानं दुसरा गोल केला. 2-1. त्या पोरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण गोल झाल्यावरचं पुढचं मिनिट कॅप्टनचं असतं, हे मी त्या रात्री शिकलो. मिठ्या मारून झाल्या की तू मागं वळ, बॅकना नावानं हाक मार, जागेवर उभं कर. गोल खाल्ल्यावरही तेच.

हजेरीचं कळव. कमी असेल तर आत्ताच कॉलेजच्या सरांशी बोल, सामन्याच्या तोंडावर नको. आणि आईला सांग, ट्रायलच्या आधीच्या रात्री जेवण हलकं कर म्हणावं.

त्या दोघांशी बोलणं झालं की मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी मी जागा असेन.

तुझा,
सर