एफआरआरएफमध्ये (समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर झटपट फ्लॅश मारून त्यांचा फ्लोरेसन्स मोजणारं मशीन) फ्लॅशची पॉवर आणि पीएमटीचं (तो फ्लोरेसन्स टिपणारा डिटेक्टर) व्होल्टेज किती ठेवायचं?

तुम्ही म्हणताय की गोव्यात मांडवी नदीच्या तोंडाशी आकडे ठीकठाक येतात पण शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या) बाहेर गेलं की एफव्ही/एफएम (पेशी प्रकाश किती कार्यक्षमतेने वापरतात तो आकडा; एफओ म्हणजे सुरुवातीचा फ्लोरेसन्स, एफएम कमाल, एफव्ही दोन्हींतला फरक) कधी 0.2 कधी 0.8 आणि एलईडी फुल्ल करूनही काही फरक पडत नाही. पडणार कसा, हे वड्याचं तेल वांग्यावर चाललंय. फ्लॅशची पॉवर किती हवी ते पेशी प्रकाश किती पकडतात (म्हणजे सिग्मा) त्यावर ठरतं, आणि पीएमटीचं व्होल्टेज ठरतं पाण्यात क्लोरोफिल किती आहे त्यावर. बाहेर क्लोरोफिल कमी झालं तर हात पीएमटीला लावायचा, एलईडीला नाही. उलट बाहेरच्या त्या बारीक बारीक पेशींचा सिग्मा बहुतेक वेळा जास्तच असतो, त्यामुळे पॉवर जरा कमीच लागते.

आधी फ्लॅशचं बघू. कोल्बर, प्राशिल आणि फाल्कोव्स्की यांचा या पद्धतीवरचा 1998 चा पेपर बहुतेकांनी वाचलेला असतो, कल्पना तीच आहे. सध्याच्या मशीनमध्ये साधारण 100 फ्लॅशलेट (छोटे फ्लॅश), दर 2 मायक्रोसेकंदाला एक, म्हणजे 200 मायक्रोसेकंदात सगळी पीएस-2 सेंटर (प्रकाशसंश्लेषणात प्रकाश वापरणारी केंद्रं) बंद करून टाकायची, इलेक्ट्रॉन क्यूएवरून (त्या सेंटरमधला इलेक्ट्रॉन घेणारा पहिला स्थिर रेणू) पुढे सरकायच्या आत. मग थोडे फ्लॅशलेट 50-60 मायक्रोसेकंदाच्या अंतराने, ते रिलॅक्सेशनसाठी (सेंटर परत कशी उघडतात ते बघायला). हे टायमिंग सहसा बदलू नका, बदलायची ती एलईडीची तीव्रता. ती बरोबर आहे का हे एकाच आकड्यावरून कळतं, सॉफ्टवेअरमध्ये आर-सिग्मा म्हणून दिसतो तो, म्हणजे पहिल्या फ्लॅशलेटला उघडी सेंटर किती बंद झाली त्याचा हिस्सा. तो 0.03 ते 0.08 मध्ये पाहिजे, शक्यतो 0.05 च्या जवळ. ढोबळ हिशोब करून बघा, 0.05 गुणिले 100 म्हणजे 5, शेवटी एक टक्कासुद्धा सेंटर उघडी उरत नाहीत. 0.02 असेल तर 13-14 टक्के उघडी राहतात आणि एफएम खरा येतच नाही. 0.15 केलंत तर पहिल्या 20 फ्लॅशलेटमध्येच जवळजवळ सगळं भरून जातं, चढणीवर पॉइंटच कमी पडतात, फिट कुठेही जाऊन बसतो, एफओ आणि सिग्मा दोन्ही गंडतात. तुमची फुल्ल पॉवर मला याच गटातली वाटते.

आता डिटेक्टर. पीएमटीचा गेन (सिग्नल किती मोठा करतो ते) व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, पटींनी उडतो, म्हणून व्होल्टेज हळूहळू चढवा आणि दर वेळी फ्लोरेसन्स कसा चढतो त्याचा कच्चा कर्व्ह बघा, नुसता एफव्ही/एफएमचा आकडा बघून पुढे जाऊ नका. इथे एक फसवी गोष्ट आहे. सिग्नल डिटेक्टरच्या वरच्या मर्यादेला टेकला की कर्व्हचं डोकं सपाट होतं, आणि ते अगदी छान सॅच्युरेशन झाल्यासारखं दिसतं! फरक असा की खऱ्या सपाटीवर थोडी थरथर असते, टेकलेल्या सिग्नलवर पट्टीने ओढल्यासारखी रेघ. शंका आली तर व्होल्टेज थोडं उतरवा, एफव्ही/एफएम वाढला तर समजा की वरून कापला जात होता. नदीच्या तोंडाशी ब्लूममध्ये (फायटोप्लँक्टन भरमसाट वाढलेलं असताना) हे हमखास होतं, आणि तेच व्होल्टेज घेऊन बाहेर गेलात की तिथे सिग्नल तळाशी सरपटतो, नुसता नॉइज.

व्होल्टेज पुरेसं असूनही नॉइज असेल तर सिक्वेन्स (फ्लॅशलेटचा एक पूर्ण फेरा) वाढवून अ‍ॅव्हरेज घ्या, 16 घेतले तर नॉइज चौपट कमी होतो. पण प्रोफाइल करताना (मशीन दोरीने खोल सोडत मोजताना) विंचचा वेग विसरू नका, 150 मिलिसेकंदाच्या अंतराने 20 सिक्वेन्स म्हणजे 3 सेकंद, अर्धा मीटर प्रति सेकंद वेगात तेवढ्यात दीड मीटर पाणी गेलं, पातळ क्लोरोफिल मॅक्सिममचा (क्लोरोफिल सगळ्यात जास्त असलेल्या थराचा) पार लगदा होतो.

तुमचे ते 0.8 बहुतेक ब्लँकमुळे (पेशी गाळून काढलेल्या पाण्याचा सिग्नल, जो वजा करतात) आलेत. फायटोप्लँक्टनमध्ये (तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींत) 0.65 च्या फार वर काही गेलं की मी पहिल्यांदा ब्लँकवरच संशय घेतो. समजा एफओ 100, एफएम 200, तर उत्तर 0.5. आता ब्लँक 40 वजा केला की 100 भागिले 160, झालं 0.625. किनाऱ्याजवळ सिग्नल मोठा, तिथे ब्लँक इकडेतिकडे झाला तरी खपून जातं, बाहेर तोच ब्लँक सगळा निकाल फिरवतो. मांडवीच्या पाण्यात खारफुटीचं आणि नदीचं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य असतं, त्याचा स्वतःचा फ्लोरेसन्स असतो, तिथला ब्लँक बाहेरच्या स्टेशनला वापरलात तर जास्तच वजा होणार. प्रत्येक स्टेशनचं पाणी 0.2 मायक्रॉनमधून गाळा, आणि ब्लँक त्याच एलईडी पॉवरला, त्याच व्होल्टेजला घ्या. व्होल्टेज बदललं की जुना ब्लँक बाद, यात तडजोड नाही.

0.2 चं मात्र लगेच सेटिंगवर ढकलू नका. दुपारी वरच्या थरात पेशी जास्तीचा प्रकाश उष्णता म्हणून टाकून देत असतात, आकडा पडतोच. सॅम्पल अर्धा तास मंद उजेडात ठेवून परत मोजा, किंवा पहाटेचं स्टेशन घ्या. एप्रिल-मेमध्ये बाहेर ट्रायकोडेस्मियम (सायनोबॅक्टेरियाचा एक प्रकार) असेल तर नुसत्या निळ्या एलईडीवर सिग्मा इतका कमी येतो की पॉवर कितीही वाढवा, सॅच्युरेशनच होत नाही. 530 नॅनोमीटरची हिरवी एलईडी मशीनमध्ये असेल तर ती सोबत चालू करा आणि आर-सिग्मा परत बघा. हिरवी एलईडी चालू केली की ब्लँकही नव्याने घ्यावा लागेल.