अर्ध्या वाटेवर भेटणाऱ्यांसाठी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

होस्टेलची तुमची टोळी इतक्या दिवसांनी भेटते आहे आणि तेही धुळ्यात, हे वाचून फार आनंद झाला. "सर, धुळ्यात बघायला काय आहे?" असं तू विचारलंस. आधी हे सांगतो की गाव तुम्ही बरोबर निवडलंय. एक जण इंदूरहून, एक सुरतेहून, दोघी नाशिककडच्या आणि तू जळगावहून. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. 1818 मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं इथे आणलं. मध्यावरचं ठिकाण आणि सुरत-बऱ्हाणपूर व्यापाराची वाट, ही त्यामागची कारणं. म्हणजे चारी बाजूंच्या माणसांनी इथे गाठ घ्यावी, हे दोनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी हेरलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. धुळं तुमच्यापैकी कुणाचंच नाही. एकाच्या घरी जमलात की तो यजमान होतो, बाकीचे पाहुणे. त्याची आई दिवसभर स्वयंपाकघरात आणि तो सगळ्यांच्या पुढे-पुढे करण्यात. इथे सगळेच परके, त्यामुळे सगळे सारखे. कोण किती कमावतो, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची नोकरी गेली, ही मोजमापं समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की लगेच सुरू होतात. म्हणून माझं एकच सांगणं आहे: हॉटेलात बसून भेटू नका, चालत भेटा. बरोबरीने चालताना माणूस समोर बघून बोलतो. डोळ्यांत बघून जे जमत नाही, ते तेव्हा सहज बोलून जातो.

चालायला पांझरेचा काठ घ्या. ही नदी साक्री तालुक्यातून सह्याद्रीतून येते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदला तापीला मिळते. दक्षिणेच्या काठावर धुळं, पलीकडे देवपूर. सकाळी उन्हं चढायच्या आत जुन्या धुळ्यातून निघा, मोठ्या पुलावरून देवपुरात उतरा आणि एकवीरा देवीचं दर्शन घ्या. चैत्री पौर्णिमेला इथे यात्रा भरते आणि दूरदूरच्या गावांहून लोक कुलदैवत म्हणून येतात. काठाने रस्ता झालाय, त्यावरून निवांत चालता येतं. नदी सगळीकडे निर्मळ दिसणार नाही. गावाचं सांडपाणी तिच्यात येतं आणि मला त्याचं दुःख होतं. पण म्हणून तोंड फिरवू नका. ज्या नदीवर गाव वसलं, तिच्याकडे निदान नीट बघावं.

पांझरेचं खरं वैभव मात्र शहराच्या वरच्या अंगाला आहे. सुरतेचा मित्र गाडी घेऊन येणार असेल तर त्याला सांग, साक्री सोडून नेरच्या बाजूला येताना घाई करू नकोस. उलट दुसऱ्या दिवशी सगळेच त्या रस्त्याने जा. या खोऱ्यात कित्येक पिढ्यांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालचं शिवार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक, मग त्यात कुणाचंही शेत असो. उसाच्या फडात सगळ्यांचा ऊस, भुसाराच्या, म्हणजे धान्याच्या, फडात सगळ्यांचं भुसार. पुढच्या हंगामाला फेरपालट. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, पिकाची राखण जागल्याची. शेतकऱ्याने आपल्या हाताने बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. पाटाच्या कडेला जरा टेका. पाटकरी फावड्याने मातीचं ढेकूळ उचलतो, पाणी क्षणभर अडखळतं, मग सरीत शिरून कोरडी माती काळी करत जातं. हे बघायला तिकीट नाही, पाटीही नाही, म्हणून लोक पुढे निघून जातात. याच खोऱ्यात, दातर्तीला, विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या अगदी सुरुवातीला सायफनचं, म्हणजे नळातून पाणी पलीकडे नेण्याचं, काम केलं. 1884 मध्ये ते सरकारी सेवेत आले, तेव्हा वयाने तुमच्याहून फार मोठे नव्हते. तुमच्यात दोघं सिव्हिलचे आहेत ना? त्यांना हे आवर्जून सांग.

शहरात परतलात की जुनी कागदपत्रं जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळात जा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये इथेच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, हेही मित्रांना सांग. एक बोलणारा आणि एक मन लावून ऐकणारा.

जेवायला शेवभाजी घ्याच. तर्री वर तरंगत असते, शेव आयत्या वेळी घालतात. ती मऊ पडायच्या आत भाकरी कुस्करा. इंदूरच्याला तिखट सोसणार नाही, त्याच्यासाठी दही मागवा. भरीत आणि कळण्याची भाकरी मात्र थंडीतच खरी.

आता थोडं कडक बोलतो. तुझ्या पत्रात पाच नावं आहेत. सहावीचं नाव नाही. ती ग्रुपवर उत्तर देत नाही, म्हणून तुम्ही तिला आपल्यात मोजणंच सोडून दिलंत. ग्रुपवरचा निरोप सगळ्यांना असतो, म्हणजे कुणालाच नसतो. तिला तू स्वतः फोन कर. "का बोलत नाहीस?" असं विचारू नकोस. तारीख सांग, कुठे उतरायचं ते सांग आणि तुझ्या खोलीत तिची जागा धरली आहे हे सांग. चाळीसगावपर्यंत ती रेल्वेने येऊ शकते, तिथून धुळ्याची गाडी आहे. आली नाही तरी चालेल, पण बोलावणं तिच्यापर्यंत नावानिशी पोचायला हवं.

आणि जुन्या आठवणींचा रतीब दोन दिवस घालू नका. पहिल्या तासात मेसचं जेवण आणि रेक्टरचे किस्से होऊ देत, ते व्हायलाच हवेत. पुढे नवं काहीतरी एकत्र बघा, त्यावर वाद घाला. तुमची मैत्री आताच्या वयाची व्हायची असेल, तर तिला आताचं खाद्य लागेल.

मे महिन्यात येऊ नका, नदीत दगडच दिसतील आणि ऊन सोसवणार नाही. गणपती उठल्यावर या. तारीख ठरली की कळव. पहिल्या संध्याकाळी पुलावर तुम्हा सगळ्यांना भेटायला येईन, पण जेवायला थांबणार नाही. ती वेळ तुमची.

तुझे,
सर