पुण्यातल्या जुन्या लायब्ररीच्या कागदपत्रांतून काय कळतं?

पुणे नगर वाचन मंदिराचंच बघा ना, १८४८ ला 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झालं, पुढाकार लोकहितवादींचा. आता तिथे 'नेटिव्ह' म्हणजे आपण हां, साहेबाची भाषा! लायब्ररी होती बुधवार वाड्यात, आणि तो वाडा १८७९ च्या मे महिन्यात आगीत गेला, म्हणून त्याआधीचं शोधताना सरकारी दप्तर, जुनी वर्तमानपत्रं, १८८५ चं पुणे गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) असं बाहेरूनच जुळवत बसावं लागतं. खरी मजा मात्र कुठल्याही जुन्या ग्रंथालयाच्या दाखल रजिस्टरात, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या नोंदवहीत असते, किमतीच्या रकान्यात रुपये-आणे-पै, शेजारी 'भेट' किंवा 'गहाळ' असा शेरा, आणि काय गहाळ होतं त्यावरून लोक काय वाचायचे ते बरोबर कळतं 😄