पाळी थांबली, म्हणजे रक्त साठले का?

प्रश्न : माझे वय 29 आहे. दुसरे बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर मी प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतले. पहिल्या इंजेक्शननंतर सतरा दिवस थोडेथोडे डाग लागत होते आणि दुसऱ्यानंतर पाळी बंदच झाली. आता चौथ्याची तारीख जवळ आली आहे. सासूबाई म्हणतात की, बाहेर न पडलेले रक्त पोटात साठते आणि त्याची गाठ होते. इंजेक्शन घ्यावे की नको?

उत्तर : ताई, रक्त कुठेही साठलेले नाही. एरवी दर महिन्याला गर्भाशयात आतून अस्तर तयार होते आणि दिवस राहिले नाहीत तर ते गळून पडते, त्यालाच आपण पाळी म्हणतो. अंतरामधले मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बीजांड बाहेर पडू देत नाही आणि हे अस्तरही पातळ ठेवते. जे भरलेच नाही, ते सांडणार कुठून? पहिल्या महिन्यांतले डागही त्याचेच, कारण पातळ झालेल्या अस्तरातल्या नाजूक रक्तवाहिन्या मधूनमधून फुटतात. वर्षभर हे इंजेक्शन घेणाऱ्या साधारण निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते, आणि तुम्ही बाळाला अंगावर पाजत असाल तर त्याचाही हातभार लागतो. हे सगळे सुई टोचण्यापूर्वीच तुम्हाला बसवून सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे कितीतरी जणी पहिल्याच इंजेक्शननंतर घाबरून ते सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. सासूबाईंनाही दोष देऊ नका. त्यांच्या काळी पाळी चुकणे म्हणजे दिवस जाणे किंवा दुखणे, एवढेच माहीत होते. पुढच्या वेळी त्यांना सोबत घेऊन जा.

तेव्हा इंजेक्शन अवश्य घ्या, मात्र कार्डावरची तारीख पाळा. दर तीन महिन्यांनी घ्यायचे हे इंजेक्शन चार आठवड्यांपर्यंत उशिरा घेतले तरी चालते, त्याहून उशीर झाला तर आधी दिवस राहिले नाहीत याची खात्री करावी लागते. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. पुढे मूल हवे झाले तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे धरून चाला.

एक-दोन तासांत पॅड भिजत असेल, आठ दिवसांहून अधिक काळ अंगावरून भरपूर जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल किंवा पोटात एका बाजूला तीव्र कळ येऊन चक्कर येत असेल, तर ते इंजेक्शनमुळेच असेल असे समजून घरी थांबू नका.

प्रश्न : माझे वय 54 आहे. पाळी जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या आठवड्यात एकदाच, रुपयाएवढा लाल डाग दिसला. पुन्हा काही नाही. दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : नाही, चालणार नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला एक थेंबही तपासावाच लागतो. बहुतेकींच्या बाबतीत कोरडेपणा किंवा लहानसा मस्सा असे साधेच कारण निघते. पण गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही हेच असते आणि या टप्प्यावर तो सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त आढळली तर त्याचा छोटा तुकडा तपासणीसाठी घेतात. पुन्हा डाग लागण्याची वाट न पाहता याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.