चहात गोळी टाकून देऊ का?

प्रश्न: ताई, बर्डीवर आमचं कपड्याचं दुकान आहे. बाजूच्या गल्लीत एक माणूस बरेच दिवसांपासून राहते, चाळिशीचा असेल. एकटाच बोलते, हवेत कोणाशी तरी भांडते, एवढ्या उन्हात स्वेटरवर स्वेटर घालून बसते. दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही पण माझा चहा घेते. एक मेडिकलवाला म्हणाला, हा स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-संशयाचा मानसिक आजार, गोळी देतो, चहात टाकत जा. देऊ का? पोलिसांना सांगायची भीती वाटते, मारतील बिरतील.
– एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर: नका देऊ भाऊ. पहिलं म्हणजे हा स्किझोफ्रेनियाच आहे हे न तपासता कोणी सांगू शकत नाही, डोक्याला मार, दारू, थायरॉईड, कशानंही माणूस असा वागू शकतो. दुसरं, या गोळ्यांनी झोप येते, हातपाय आखडतात आणि अंगाला उष्णता सहन होत नाही, नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत रस्त्यावर पडलेल्या माणसाला हे जिवावर बेतू शकते. आणि त्याला चहाची चव वेगळी लागली तर? संशय हा या आजाराचा भागच असतो, मग तो तुमच्याही हातचं घेणार नाही. सगळ्या बर्डीत त्याचा एका माणसावर विश्वास आहे तो तुमच्यावर, तो गोळीपेक्षा महागाचा आहे.

आता पोलिसांचं. तुमची भीती काही उगाच नाही, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० त्याच्या बाजूनं आहे: असा स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर ठाण्यानं त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि बेपत्ता म्हणून नोंद करून घरच्यांना शोधायचं. तोंडी नका सांगू, अर्ज द्या, कलम लिहा, पोच घ्या. गाडी येईल तेव्हा तुम्ही स्वतः हजर राहा, तुमचं ऐकून तो बसेल, नाहीतर चारजण ओढतील आणि तेच होईल ज्याला तुम्ही भिता. उपचार फुकट, बीपीएल कार्ड नसलं तरी, बेघरांसाठी कायद्यातच तसं लिहिलंय. आपल्याकडं प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच, लोक पागलखाना म्हणतात ते सोडा.

खरं अवघड त्याच्यापुढं आहे. तो बरा होऊन बाहेर आला आणि घर सापडलं नाही तर परत त्याच गल्लीत येईल, रोजची गोळी फूटपाथवर कोण सांभाळणार? दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळते, त्याच्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, मनपाच्या रात्र निवाऱ्यात जागा बघा, आणि तारखेला त्याला घेऊन जायला दुकानातलं कोणीतरी ठरवा. काही अडलं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.