खाणीच्या भरावावर रोपं का जगत नाहीत?

प्रश्न : खाणीचा खड्डा बुजवून, वर माती पसरून जमीन सपाट करून मिळाली. दोन पावसाळे झाडं लावली. हिवाळाभर तग धरतात आणि उन्हाळ्यात वाळतात. आता मोठी रोपं आणावीत, की सुबाभूळ लावून मोकळं व्हावं?

उत्तर : दोन्ही नको. आधी वाळलेलं एखादं रोप आळ्यासकट खणून काढा आणि त्याची मुळं बघा. बहुतेक वेळा ती खड्ड्याच्या कडेने गोल फिरलेली दिसतात, कुंडीत वाढल्यासारखी. बाहेरची जमीन डंपर आणि डोझरच्या चाकांखाली इतकी दाबली गेलेली असते की मूळ तिच्यात शिरतच नाही. पावसाचं पाणीही वरूनच वाहून जातं. शेजारी फूटभर खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच साचलेलं असेल, तर दोष रोपांचा नाही आणि तुमच्या मेहनतीचा तर नाहीच.

अमेरिकेत कोळसा खाणींच्या जमिनी पूर्ववत करण्याच्या १९७७ च्या कायद्यानंतर त्या जमिनी अशाच गुळगुळीत करून त्यांवर दाट गवत पेरत. तिथे झाडं नीट वाढेनात. पुढे तिथल्या वनशास्त्रज्ञांनी सल्ला बदलला : वरचा निदान ४ फूट थर भुसभुशीत ठेवा आणि जमीन खडबडीतच राहू द्या. मलाही हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रिपर किंवा सबसॉयलर, म्हणजे जमीन खोलवर फोडणारा ट्रॅक्टरचा फाळ, जितका खोल जाईल तितका चालवा, आधी उताराला आडवा आणि जमेल तिथे पुन्हा छेदून. माती कोरडी असतानाच हे काम करा. ओल्या मातीत फाळ नुसती फट पाडत जातो, ढेकूळ फुटत नाही. नंतर फळी फिरवू नका. खाचखळग्यांत पाणी, पालापाचोळा आणि बी अडकतं, तेच आपल्याला हवं आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ओघळीतलं पाणी नारिंगी किंवा तांबूस दिसत असेल, तर भरावात गंधकयुक्त खडक असण्याची शक्यता आहे. त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. तिथे खोल नांगरट केली तर तोच खडक वर येईल. अशा जागी आधी माती तपासा आणि सामू (pH) कमी आला, म्हणजे माती आम्ल निघाली, तर अहवालाप्रमाणे चुना द्या. पुढच्या वर्षी पुन्हा तपासा, कारण उरलेला खडक आम्ल सोडतच राहतो. जड धातूंची तपासणी होईपर्यंत तिथलं गवत जनावरांना घालू नका आणि फळंही खाऊ नका.

आता काय लावायचं ते पाहू. सुबाभूळ बाहेरून आलेली आहे. तिचं बी इतकं पडतं की खाली दुसरं काही उठत नाही. जवळच्या न खणलेल्या माळावर, दगडधोंड्यांत, खत-पाण्याशिवाय काय उभं आहे ते फिरून बघा. तरवड, धायटी, करवंद, निरगुडी, मुरुडशेंग अशी झुडपं दिसत असतील तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा. पळस, खैर त्यांच्या आडोशाला नंतर येतील.

तरवडाच्या बियांवर उकळून विस्तवावरून उतरवलेलं पाणी ओता आणि रात्रभर भिजू द्या. धायटीचं बी भुकटीसारखं बारीक असतं. वाळूत मिसळून ते वरच भुरभुरवा, पुरू नका. करवंदाचं बी साठवलं की उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पिकलेल्या फळातून काढून लगेच पेरा. रोपं लावणार असाल तर लहानच घ्या. मोठ्या रोपाचा पालाच इतका असतो की त्याच्या मानाने मुळं अपुरी पडतात.

युरिया देऊ नका, त्याने तणच माजतं. त्याऐवजी त्या माळावरच्या झुडपांखालची ओंजळभर माती प्रत्येक खड्ड्यात टाका. मुळांना साथ देणारी बुरशी तिच्यात जिवंत असते. खाणकामाच्या काळात ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मातीत ती फारशी उरत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस एखादं खैराचं रोप हलकेच खणून मुळावरची, नत्र धरणाऱ्या जिवाणूंची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर रोप हवेतलं नत्र घेऊ लागलं आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली तर मुळाशी पाणी तुंबत नाही ना, ते आधी पाहा.