‘मॉनिटरिंगला टाकलंय’, म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या कंपनीत माझी निवड झाली, पण आलेल्या पत्रात टीमचं नाव ‘परफॉर्मन्स मॉनिटरिंग अँड कपॅसिटी प्लॅनिंग’ असं आहे. सोबतच्या बहुतेकांना डेव्हलपमेंट मिळालं. सीनियर म्हणतात, स्क्रीनकडे बघत बसायचं आणि अलर्ट आला की फोन लावायचा, दोन वर्षांत कोडिंग विसरशील. घरचे म्हणतात, हातातली नोकरी सोडू नकोस. मी टीम बदलून मागू का? क्लाउड आणि एआय आल्यावर हे काम उरणार तरी आहे का?

उत्तर :

तुझे सीनियर सांगतात ते खोटं नाही. तसं काम असतं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बारा वर्षं याच क्षेत्रात होते आणि त्यातलं पहिलं वर्ष अलर्ट बघण्यातच गेलं. पण या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. सिस्टीम आत्ता ठीक आहे ना, एवढं बघणं हे एक काम. ती अशी का वागते आहे आणि अजून किती दिवस ठीक राहील, हे आकड्यानिशी सांगणं हे दुसरं. पहिल्या कामात फार दिवस राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं काम मात्र संगणक क्षेत्रातल्या सर्वांत बुद्धीच्या कामांपैकी एक आहे, आणि ते नीट येणारी माणसं अजूनही शोधावी लागतात. तुझ्या सीनियरनी बहुधा पहिलंच पाहिलं असावं, म्हणून दुसऱ्याबद्दल सविस्तर लिहिते.

समज, एका सर्व्हरला एक विनंती पुरी करायला ०.१ सेकंद लागतो. तो निम्मा वेळ कामात असेल, तर नव्याने येणाऱ्या विनंतीला थोडं थांबावं लागतं आणि तिला एकूण ०.२ सेकंद लागतात. सर्व्हर ८० टक्के व्यग्र असेल तर ०.५ सेकंद, ९० टक्क्यांना पूर्ण १ सेकंद आणि ९५ टक्क्यांना २ सेकंद. विनंत्या अनियमित अंतराने येतात आणि एकाच रांगेत उभ्या राहतात, असं धरून मांडलेलं हे सूत्र आहे : कामाचा वेळ भागिले (१ वजा व्यग्रता), यात ८० टक्के म्हणजे ०.८. ८० वरून ९० वर जाताना काम वाढलं जेमतेम आठव्या हिश्श्याने, आणि लागणारा वेळ मात्र दुप्पट झाला. ‘कालपर्यंत तर नीट चालत होतं’ असं लोक म्हणतात, तेव्हा ते खरंच सांगत असतात. काल सिस्टीम चढाच्या पायथ्याशी होती, एवढंच.

हे गणित संगणकापेक्षा जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी फोनच्या गर्दीवरचा आपला अभ्यास १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. रांगेच्या शास्त्राची सुरुवात तिथून मानतात. १९६१ मध्ये संशोधक जॉन लिटल यांनी एका अगदी साध्या नियमाची सिद्धता दिली : सिस्टीमच्या आत सरासरी किती विनंत्या असतील, तर येण्याचा दर गुणिले प्रत्येकीला आत लागणारा वेळ. इतका साधा, की परीक्षेत दोन गुणांना येतो आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्याही लक्षात राहिला नव्हता. एका दुपारी वापरणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, सगळं अडकलंय म्हणून. डॅशबोर्ड, म्हणजे सिस्टीमचे आकडे दाखवणारा पडदा, मात्र हिरवागार. सीपीयू ३० टक्क्यांवर, मेमरी भरपूर. सर्व्हरवाले म्हणाले आमच्याकडे काही नाही, नेटवर्कवाले म्हणाले आमच्याकडेही नाही. शेवटी कुणीतरी आणखी दोन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर जोडायला लावले आणि परिस्थिती अजून बिघडली. संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. सेकंदाला २०० विनंत्या येत होत्या, प्रत्येकीला एरवी ०.५ सेकंद लागायचा, म्हणजे आत सरासरी १००. डेटाबेसकडे जाणारी कनेक्शन होती १५०, त्यामुळे एरवी सगळं आरामात मावत होतं. त्या दिवशी एका क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन शोधून देणारी सूची, गेला होता आणि प्रत्येक विनंती २ सेकंद घेऊ लागली होती. १५० कनेक्शन, प्रत्येकी २ सेकंद, म्हणजे सेकंदाला फक्त ७५ विनंत्या बाहेर पडणार. आत येत होत्या २००. दर सेकंदाला १२५ ची भर, मिनिटाला साडेसात हजार. सीपीयू रिकामा होता, कारण सगळेच वाट बघत उभे होते. नवे सर्व्हर जोडल्याने आधीच दमलेल्या डेटाबेसवर आणखी कनेक्शन जाऊन आदळली. अर्ध्या पानाचं गणित, पण ते मांडायला आम्हाला पूर्ण दुपार गेली. मी या कामात रमले ती त्या संध्याकाळपासून.

आता कपॅसिटी प्लॅनिंगचं, म्हणजे पुढे किती क्षमता लागेल याच्या हिशोबाचं बघ. आज गर्दीच्या तासाला सर्व्हर ४५ टक्के भरतो आहे. काम दरमहा ४ टक्क्यांनी वाढतं आहे. ७० टक्क्यांच्या वर जायचं नाही, असं ठरलेलं आहे. किती महिने हातात आहेत? घाईत माणूस सरळ रेघ ओढतो : महिन्याला १.८ टक्के, म्हणजे जवळजवळ १४ महिने. पण वाढ चक्रवाढ असते. तसं काढलं तर ११ महिन्यांच्या जरा पुढे उत्तर येतं. नवी यंत्रसामग्री मंजूर होऊन बसायला ३ महिने लागत असतील, तर निर्णय आठव्या महिन्यात व्हायला हवा. सरळ रेघ ओढणारा तेव्हा निवांत असेल. आणि हे सगळं ‘४ टक्के’ हा आकडा खरा असेल तर. तो खरा आहे का, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. पुढच्या तिमाहीत कंपनी नवी शाखा जोडणार आहे का, एखादी जुनी सिस्टीम बंद होणार आहे का, हे लोकांकडे जाऊन विचारावं लागतं. म्हणून या कामात बोलता येणं लागतं. याची कल्पना फार कमी मुलांना असते.

आकड्यावर लगेच विश्वास न ठेवण्याची सवयही इथे लागते. पाच मिनिटांची सरासरी ६० टक्के दिसते, पण त्यात एक मिनिट १०० टक्के आणि चार मिनिटं ५० टक्के असू शकतात. त्या एका मिनिटात ज्यांचं काम अडलं, त्यांना तुझी सरासरी काय कामाची? म्हणून ९५ वा, ९९ वा पर्सेंटाइल बघायचा, म्हणजे शंभरातल्या ९५ किंवा ९९ नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा. आणि दहा सर्व्हरांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून ‘एकूण पर्सेंटाइल’ म्हणून अहवालात टाकायचा नाही. ती चूक मी अनुभवी माणसांच्या अहवालातही पाहिली आहे. लिनक्सवरचा लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि थांबून राहिलेल्या कामांची सरासरी संख्या) हा आणखी एक चकवा. त्यात डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही मोजली जातात, त्यामुळे सीपीयू मोकळा असतानाही तो आकडा चढलेला दिसू शकतो.

टूलची नावं बदलत राहतील, त्यांची धास्ती घेऊ नकोस. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांच्या काळात आयबीएमच्या आरएमएफ आणि एसएमएफ या मोजमाप टिपणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नोंदींवर हेच काम चालायचं, आजही चालतं. संगणकशास्त्रज्ञ जेफ्री ब्यूझन यांनी १९७३ मध्ये रांगांच्या जाळ्याचं गणित झटपट सोडवायची रीत दिली, पुढे त्यांच्या कंपनीने त्या विचारावर ‘बेस्ट वन’ हे सॉफ्टवेअर आणलं आणि १९९८ मध्ये ती कंपनी बीएमसी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने घेतली. आता प्रोमिथियस, ग्रफाना, डायनाट्रेस, ओपनटेलिमेट्री ही नावं कानावर पडतील. कुठलंही एक घट्ट धर. पडद्यावरचा आकडा नेमका कुठून येतो, किती सेकंदांनी मोजला जातो आणि जुना झाला की त्याची सरासरी होते का, हे त्या एका टूलबद्दल तुला तोंडपाठ असू दे. दुसरं टूल त्यानंतर महिन्याभरात येतं.

क्लाउडबद्दलचा तुझा प्रश्न बरोबर आहे. सर्व्हर मागितला की मिळतो, मग आधी हिशोब कशाला? पण नवा सर्व्हर उभा राहून कामाला लागेपर्यंत वेळ जातो आणि गर्दी तेवढं थांबत नाही. अ‍ॅप्लिकेशन पसरवता येतं, त्यामागचा डेटाबेस तितक्या सहज पसरत नाही. कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही. अ‍ॅमडाल या संगणक अभियंत्यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा मुद्दा क्लाउडने पुसलेला नाही. आणि बिल दर तासाला चढतं. पूर्वी जास्तीची मशीन घेऊन ठेवली तर ती कोपऱ्यात पडून राहायची, आता ती दर महिन्याच्या बिलात दिसते. उलट हिशोब करणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढली आहे, असं मला वाटतं.

एआयबाबत तुला गोड बोलून फसवणार नाही. शेकडो अलर्टमधून एकाच कारणाचे अलर्ट एकत्र करणं, नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की खूण करणं, ठरलेली तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) योग्य माणसाकडे पाठवणं ही कामं सॉफ्टवेअर करू लागलं आहे आणि आणखी करेल. म्हणजे तुझ्या सीनियरनी वर्णन केलेलं कामच सगळ्यात आधी कमी होणार. म्हणूनच तिथे रुळू नकोस, असं म्हणते.

मग तुझी टीम यातली कोणती, हे कसं ओळखायचं? जॉइन होण्याआधी एचआरकडून त्या टीममधल्या एखाद्या व्यक्तीशी बोलण्याची वेळ माग. अशी विनंती केल्याने कुणी नाराज होत नाही. त्यांना विचार : नवं अ‍ॅप्लिकेशन सुरू होण्याआधी तुम्हाला बोलावतात, की पडल्यावर? लोड टेस्ट (मुद्दाम गर्दी करून घेतलेली चाचणी) तुमच्याकडे होते का? तुम्ही केलेला शेवटचा अंदाज कोणता होता आणि तो नंतर पडताळून पाहिला का? मूळ डेटाला हात लावता येतो, की तयार डॅशबोर्डच बघायचे? आणि शिफ्ट कशा असतात, हे न लाजता विचार. ‘पडल्यावर बोलावतात’ आणि ‘डॅशबोर्डच बघतो’ अशी उत्तरं आली, तर तो कंट्रोल रूमचा खुर्चीवरचा पहारा आहे. तिथे वर्षभराच्या आत आतल्या आत बदली मागायची, हे आधीच मनाशी ठरवून जा.

कोडिंग विसरण्याची भीती मला पटत नाही, कारण या कामात पायथन आणि एसक्यूएलशिवाय पान हलत नाही. फक्त ते कुणी तुझ्या हातात आणून देणार नाही. रोज हाताने भरला जाणारा एखादा अहवाल प्रत्येक टीममध्ये असतो. तो शोध आणि स्क्रिप्टने करून दाखव.

जॉइनिंगला वेळ आहे तोवर एक प्रयोग मात्र नक्की कर. लॅपटॉपवर लिनक्स घे, स्वतःच लिहिलेलं एखादं छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन डेटाबेससह चालव आणि जेमीटर या लोड टेस्टच्या टूलने त्यावर लोड टाक. ५ वापरकर्ते, मग १०, २०, ४०, असं वाढवत जा. प्रत्येक वेळी सेकंदाला किती विनंत्या पुऱ्या झाल्या आणि प्रत्येकीला किती वेळ लागला, ते लिहून ठेव. बाजूला व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट ही सीपीयू, मेमरी आणि डिस्कचे आकडे दाखवणारी टूल चालू ठेव. एका टप्प्यावर पुऱ्या होणाऱ्या विनंत्या वाढायच्या थांबतील आणि वेळ मात्र वाढतच जाईल. तिथे थांब आणि आधी काय भरलं ते शोध : सीपीयू, डिस्क, कनेक्शन, की एखादं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी अडवणूक). मग लिटलचा नियम तुझ्याच आकड्यांवर लावून बघ. जेमीटरमध्ये दोन विनंत्यांच्या मध्ये थांबण्याचा वेळ ठेवला नसेल तर दर गुणिले वेळ हे उत्तर तू टाकलेल्या वापरकर्त्यांच्या संख्येच्या अगदी जवळ यायला हवं. येत नसेल तर तुझ्या मोजण्यात कुठेतरी चूक आहे, आणि ती चूक शोधणं हाच या कामाचा रोजचा अभ्यास.

कठीण बाजूही सांगते. सिस्टीम पडली की रात्री फोन येतो. अंदाज चुकला की तुझं नाव निघतं, आणि बरोबर आला की काहीच घडत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपण बनवलेलं बटण लोक दाबताहेत, हे बघण्यात ज्यांना आनंद आहे त्यांना इथे सुनं वाटतं. त्यात गैर काहीच नाही. तू त्यांच्यापैकी असशील, तर टीम बदलून मागणं हाच योग्य निर्णय, आणि तो जॉइन होण्याआधी घेतलेला बरा.

पण फक्त मित्रमैत्रिणींना डेव्हलपमेंट मिळालं म्हणून बदलून मागत असशील, तर थांब. आधी हा प्रयोग कर. आलेख वाकायला लागल्यावर ‘का?’ हे शोधत तू रात्री उशिरापर्यंत जागलीस, तर बदलीचा अर्ज लिहू नकोस. कंटाळून लॅपटॉप मिटलास, तर दुसऱ्याच दिवशी लिही. दोन्हीपैकी काहीही झालं तरी आकडे आणि आलेख मला पाठव, मी बघून उत्तर देईन.